आधी तो शिरा खा

पत्र

सर, मी १९ वर्षांचा, वाई तालुक्यातला. तीन वर्षं रोड सायकलिंग करतोय, ज्युनिअरला राज्यस्तरावर पदक आहे. प्रो व्हायचंय. आठवड्यातले सहा दिवस सायकल, रोज ८०-१०० किलोमीटर आणि रविवारी वाई-महाबळेश्वर-मेढा-सातारा-वाई असा अख्खा फेरा. सकाळी उपाशीपोटी निघतो, फक्त काळी कॉफी. ग्रुपमधले एक दादा म्हणाले, ‘घाटात किलोकिलोचा हिशेब असतो, भात बंद कर.’ डिसेंबरपासून भात, साखर, गूळ सगळं बंद. दिवसाला दोन-तीन भाकऱ्या, उसळ, ताक, काकडी, अंड्याचं पांढरं. ६१ चा ५५ किलो झालो, उंची ५ फूट ८. सुरुवातीला घाटात उडत होतो, आता एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद, वॅटमध्ये) २५० वरून २२८ वर आलाय. गेल्या महिन्यात निवडीच्या रेसमध्ये शेवटचे आठ किलोमीटर राहिले आणि बंच, म्हणजे सायकलवाल्यांचा मुख्य घोळका, सुटला. सायकल कठड्याला लावली आणि रडलो. भावानं मोटारसायकलवरून घरी आणलं. आईनं शिरा केला होता, मी ताट ढकलून उठलो. झोप लागत नाही, सायकलकडे बघावंसं वाटत नाही. माझं मन कमकुवत आहे हे मला कळलंय. प्रो लोकांची मानसिकता कशी असते आणि ती कशी तयार करायची? ट्रेनिंग अजून वाढवू का?

उत्तर

मित्रा,

वाढवू नकोस. पत्र वाचताना त्या एका वाक्यावर मी पेन खाली ठेवला.

तू मला मनाबद्दल विचारलंयस, आणि मी पोटाबद्दल बोलणार आहे. राग मानू नकोस. पत्रात तू मनाबद्दल जे जे लिहिलंस, म्हणजे रडू, चिडचिड, झोप नाही, सायकल नको वाटणं, ते सगळं मी उपाशी माणसात पाहिलंय. पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःतच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुंबई-पुणे रेस. तेव्हा आम्हा पोरांना एकच स्वप्न पडायचं, ‘घाटांचा राजा’. आमचे जे गुरू होते त्यांचं म्हणणं असं, की रेसमध्ये पाणी प्यायलं की अंग जड होतं आणि खाणं हे तर बायकी काम. नाव सांगत नाही, माणूस मनानं चांगला होता. मी सकाळी दोन बिस्किटं खाऊन निघालो. खोपोलीपर्यंत मस्त. घाटातही पुढच्या दहा-बारा जणांत होतो. लोणावळा गेलं आणि कामशेतच्या अलीकडे रस्त्याकडेची पाटी मला वाचता येईना. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. हात थरथरायला लागले, घाम गार झाला आणि मी एका टपरीसमोर उतरून चक्क हुंदके देऊन रडलो. का, ते मला आजही सांगता येणार नाही. घरचं कुणी गेल्यासारखं रडत होतो. टपरीवाल्यानं काही विचारलं नाही. चहात दोन चमचे साखर जास्तीची घातली आणि दोन बटर पुढे ठेवले. पंधरा मिनिटांत पाटी वाचता आली. रडण्याचं कारण कुठे गेलं कुणास ठाऊक, उलट लाज वाटायला लागली.

सायकलवाले याला ‘बोंक’ म्हणतात. स्नायूंत आणि यकृतात मिळून साखरेचा साठा असतो साधारण ४००-५०० ग्रॅम. जोरात चालवलं तर दोनेक तासांत तो तळाला जातो. मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के, पण नुसतं बसल्या जागी एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा खातो, आणि त्याला प्रामुख्यानं साखरच लागते. रक्तातली साखर घसरली की आधी पाय जात नाहीत, आधी उमेद जाते. तू कठड्याला सायकल लावलीस तेव्हा तुझ्या डोक्यात ‘माझ्यानं होणार नाही’ असं जे आलं, ते रिकाम्या डब्याचा खडखडाट होता.

आता तुझेच आकडे घेऊ. कागद-पेन घे, खरंच घे.

आधी ६१ किलो आणि २५० वॅट, म्हणजे किलोमागे ४.१. आता ५५ किलो आणि २२८ वॅट, म्हणजे किलोमागे ४.१५. सहा किलो गाळून घाटात तुला मिळाले ०.०५. एवढा फरक तर मीटरच्या चुकीतच जातो. आणि सपाटीवर, जिथे वजनापेक्षा वारा कापायला नुसते वॅट लागतात, तिथे २२ वॅट गमावलेस. बंच सुटला तो घाटात की सपाटीला, हे तू लिहिलं नाहीस. मी पैज लावतो, सपाटीला सुटला.

आता रविवारचा फेरा धर. पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर, मग केळघरचा उतार, मेढा, सातारा आणि परत वाई. साधारण १२० किलोमीटर. तुला पाच तास लागत असतील, सरासरी १५० वॅट धरू. १५० गुणिले १८,००० सेकंद, म्हणजे २,७०० किलोज्यूल. सायकलवर किलोज्यूल आणि किलोकॅलरी जवळजवळ सारखेच धरायचे असतात, कारण खाल्लेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता म्हणून जाते, आणि एका किलोकॅलरीत चार किलोज्यूल असतात. दोन्ही हिशेब एकमेकांना काटतात. तर २,७०० कॅलरी सायकलवर गेल्या. तू नुसता अंथरुणात पडून राहिलास तरी १,५०० च्या आसपास लागतात. चालणं, कॉलेज, जिने धरले तर आणखी ४००-५००. बेरीज ४,६०० च्या पुढे. तुझ्या तीन भाकऱ्या, उसळ, ताक आणि अंड्याचं पांढरं मी कितीही ओढून-ताणून मोजलं तरी १,५०० च्या वर जात नाही.

राहिलेले ३,००० कुठून आले? उधारीवर. शरीर सावकारासारखं आहे, पहिले काही हप्ते हसत देतं. डिसेंबर-जानेवारीत तू ‘उडत’ होतास तो काळ हाच. वजन उतरलं होतं आणि वॅट अजून टिकून होते. मग वसुली सुरू झाली. शरीर खर्च कापायला लागतं आणि कापताना विचारतं, की हा पोरगा आज मरणार नाही यासाठी काय काय बंद करता येईल? झोप, सर्दी-खोकल्याशी लढणं, हाडं भरणं, हार्मोन, आनंद. वयात आलेल्या पोराच्या ज्या गोष्टी सकाळी आपोआप होतात त्याही थांबतात. तुझ्या झाल्या असतील तर लाजू नको, डॉक्टरला ते पहिलं सांग. ते महत्त्वाचं लक्षण आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये या सगळ्याला एक नाव दिलं, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रेड-एस’. आधी हे फक्त मुलींचं दुखणं समजत, कारण त्यांची पाळी बंद व्हायची आणि ते दिसायचं. मुलांचं काही दिसत नाही म्हणून कुणी बघत नव्हतं, एवढाच फरक.

सायकलवाल्याला यात आणखी एक शाप आहे. पळणाऱ्याच्या हाडांना प्रत्येक पावलाला धक्का बसतो, हाड त्यानं घट्ट होतं. आपण तासन्‌तास गादीवर बसलेलो. म्हणून रोड सायकलपटूंची, खास करून कमरेच्या मणक्यांची, हाडं वयाच्या मानानं विरळ निघतात. त्यात उपास. मग एक दिवस वळणावर वाळू लागते आणि गळ्याचं हाड काडीसारखं मोडतं. आठवड्यातून दोनदा जिममध्ये वजन घालून स्क्वॉट आणि डेडलिफ्ट हा त्यावरचा एक उपाय आहे, पण ते नीट जेवायला लागल्यावर. आत्ता नको.

तुला प्रोंची मानसिकता हवी होती ना? मग एक गोष्ट सांगतो, मानसिकतेची म्हणून. २०२३ ची टूर द फ्रान्स, फ्रान्समधली टप्प्याटप्प्यांची मोठी शर्यत, १९ जुलै, बुधवार, सतरावा टप्पा. तादेय पोगाचार, दोन वेळचा टूर विजेता, कोल द ला लोझच्या चढावर रेडिओवर आपल्या संघाला म्हणाला, ‘आय अ‍ॅम गॉन, आय अ‍ॅम डेड.’ कॅमेऱ्यासमोर, जगासमोर. त्या दिवशी तो आपला प्रतिस्पर्धी विंगेगो याच्या पावणेसहा मिनिटं मागे पोचला. नंतर त्यानं सांगितलं, की खाल्लं तर पुष्कळ, पण सगळं पोटातच राहिलं, पायांत काही उतरलं नाही. शनिवारी त्याच टूरचा विसावा टप्पा त्यानंच जिंकला. आता तू सांग, बुधवारी त्याचं मन कमकुवत होतं आणि शनिवारी घट्ट झालं? मन तेच होतं.

त्याच्या गोष्टीत तुझ्या कामाचं आणखी एक आहे. खाल्लेलं पचवायचाही सराव लागतो. पूर्वी तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं म्हणजे खूप समजत. मग कळलं, की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यातून वेगवेगळ्या दारांनी आत येतात, एक दार तुंबलं तरी दुसरं मोकळं असतं. दोन्ही मिसळून दिली तर ९० पर्यंत जाता येतं, आणि आजचे प्रो मोठ्या दिवशी तासाला १२० ग्रॅमपर्यंत घेतात. पण त्यांनी वर्षानुवर्षं आतडं तयार केलेलं असतं. तू उद्या १२० घेतलेस तर मेढ्याच्या झुडपात बसशील.

तुला महागड्या जेलची गरज नाही. आपली साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज, दोन्ही दारं आपसूक उघडतात. ५०० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम साखर, अर्धं लिंबू, दोन चिमूट मीठ. तासाला एक बाटली आणि वर एक केळं, झाले ६५ ग्रॅम. तीन आठवडे एवढंच. पोट कुरकुरलं नाही तर बाटलीत साखर ६० कर. युरोपातल्या संघांचे स्वयंपाकी पहाटे उठून भाताच्या वड्या थापतात, मऊ भात, थोडं चीज, साखर, आणि चांदीच्या कागदात गुंडाळून खिशात देतात. आपल्या भाषेत भाताचा लाडू. आणि तू डिसेंबरपासून भात सोडून बसलायस. मला हसावं की रडावं कळेना. गुळाची राजगिरा वडी, खजूर, सगळं चालतं. चिक्की मात्र चढाला नको, दाणे घशात अडकतात, आणि शेंगदाण्याचं तेल पचायला वेळ घेतं.

उपाशीपोटी निघणं आजपासून बंद. निघायच्या आधी दोन-तीन पोळ्या गूळ-तूप लावून, किंवा वाडगाभर पोहे. घरी आल्यावर अर्ध्या तासात वरण-भात, अंडं अख्खं, पिवळ्यासकट, दही. तुझ्या त्या दादांना सांग, की पोटात पीठ असलेला घाट चढतो, पीठ नसलेल्याला भाऊ मोटारसायकलवरून आणतो.

वजन वाढेल. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलोही वाढेल, कारण साखर साठवताना शरीर तिच्यासोबत तिप्पट पाणी धरतं. ते बघून घाबरायचं नाही. काटा उचलून माळ्यावर ठेव किंवा आईकडे दे.

ट्रेनिंगचं आता थोडक्यात, कारण तिथे सांगण्यासारखं फार नाही. तू सहा दिवस ग्रुपबरोबर रोज रेस खेळतोस, हे न सांगता कळतंय. रोज मध्यम जोरात. हळू म्हणायला जोरात आणि जोरात म्हणायला हळू. प्रो आठवड्याला २०-२५ तास सायकलवर असतात, पण त्यातले बहुतेक तास इतके निवांत की शेजारच्याशी वाक्य न तोडता गप्पा मारता येतात. मग दोन दिवस असे, की संध्याकाळी जिना चढवत नाही. तुझ्या वयात मला हे कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हळू चालवणं म्हणजे अपमान वाटायचा. एसटी ओव्हरटेक करून गेली तरी जिवाला लागायचं.

पहिले दोन आठवडे सायकल पूर्ण बंद ठेव. हो, पूर्ण. नंतर दोन आठवडे दिवसाआड तास-दीड तास, पसरणीकडे बघायचंही नाही, वाईतून मेणवलीकडे सपाटीला फिरून ये. वॅट दाखवणाऱ्या पॉवर मीटरवर टेप लाव. स्ट्राव्हा, ते राइड नोंदवणारं अ‍ॅप, काढून टाक. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, नाडी मोज आणि वहीत लिही. पाच-सात ठोके वर गेली असेल तर त्या दिवशी पुस्तक वाच. आणि डॉक्टरकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन एवढं तपासायला सांग. फेरिटिनचं मुद्दाम सांग. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो आणि मग घाटात दम पुरत नाही. झोप आणि उदासी महिनाभरात जेवणानं सुधारली नाही, किंवा ताटासमोर बसल्यावर भीती वाटत राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टॉम दुमुलँ नावाचा डच सायकलपटू, २०१७ चा जिरो (इटलीतली मोठी शर्यत) विजेता, त्यानं २०२१ च्या जानेवारीत संघाला सांगितलं की मला थांबायचंय. काही महिने खरंच थांबला. त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकला टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्यानं घड्याळाशी शर्यत) रौप्य घेतलं.

कुणी पावडर, गोळी, इंजेक्शन देऊ केलं तर घेऊ नकोस. नाडाच्या, म्हणजे खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नियमात तुझ्या लघवीत जे सापडेल त्याला तू जबाबदार, दादा नाही.

मनाबद्दल अगदीच काही बोललो नाही असं नको. हरल्यावर काय करायचं हे रोग्लिचकडून शिक. प्रिमोझ रोग्लिच, स्लोव्हेनियाचा, आधी बर्फावरून उड्या मारणारा स्की जंपर. सायकलिंगकडे वळला तेव्हा विशी ओलांडून गेली होती, तेव्हा १९ व्या वर्षी उशीर झाला असं समजू नकोस. २०२० च्या टूरमध्ये शेवटून दुसऱ्या दिवशीपर्यंत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर होती, ५७ सेकंदांची आघाडी. टाइम ट्रायलमध्ये पोगाचारनं ती हिसकावली. रोग्लिचचं शिरस्त्राण डोक्यावर वाकडं झालेलं, तोंड पांढरंफटक, तो फोटो सगळ्या जगानं पाहिला. दोनच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबरला, लिएज-बास्तोन-लिएज या बेल्जियममधल्या शर्यतीत फ्रान्सच्या अलाफिलिपनं रेषेच्या आधीच हात वर केले आणि रोग्लिचनं शेवटच्या क्षणी सायकल पुढे ढकलून जिंकली. मला त्यात धैर्यापेक्षा एक साधी गोष्ट दिसते. ज्याचं सगळं लुटलं गेलंय त्यानं पंधरा दिवसांनीसुद्धा रेषेपर्यंत पेडल मारणं सोडलं नव्हतं, आणि ते त्याला जमलं कारण मधल्या पंधरा दिवसांत तो जेवत होता, झोपत होता.

आणि एक प्रश्न, जो कुणी विचारत नाही. तुला प्रो व्हायचंय म्हणजे जिंकायचंय का? टूरला बावीस-तेवीस संघ असतात, प्रत्येकी आठ जण. त्यातले बहुतेक जण आयुष्यात एकही टप्पा जिंकत नाहीत. त्यांचं काम मागे जाऊन गाडीतून आठ बाटल्या घ्यायच्या, जर्सीत कोंबायच्या, पुन्हा वारा कापत पुढे येऊन वाटायच्या. कप्तानाचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं आणि उरलेली रेस रस्त्याकडेला सुट्या चाकाची वाट बघायची. पगार याचाच मिळतो. एखाद्या संध्याकाळी स्वतःला विचार, हे दहा वर्षं आवडीनं करशील का. ‘हो’ आलं तर तू या धंद्यातला आहेस. ‘नाही’ आलं तरी बिघडत नाही, रविवारी घाट चढणाऱ्याला कुणी अडवत नाही.

वाटा अवघड आहेत, खोटं बोलत नाही. आपल्याकडून तिकडे पोचायला सरळ रस्ता नाही. पण एरिट्रियाच्या बिनियम गिर्मायकडे बघ. त्याचं अस्मारा शहर तुझ्या महाबळेश्वरपेक्षा हजारेक मीटर उंच. तिथून तो स्वित्झर्लंडला एगल गावच्या यूसीआयच्या, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेच्या, केंद्रात शिकायला गेला, २०२२ मध्ये गेंट-वेवेलगेम ही बेल्जियममधली शर्यत जिंकली, त्याच वर्षी जिरोचा टप्पा जिंकला आणि बक्षीस घेताना बाटलीचं बूच डोळ्यात बसून घरी आला. २०२४ मध्ये टूरचे तीन टप्पे आणि सर्वाधिक गुणांची हिरवी जर्सी. तू कॉलेज सोडू नकोस, २३ वर्षांखालच्या गटात अजून तीन-चार मोसम आहेत तुझ्याकडे. या वर्षीचा गेला असं समज. रेल्वेत आणि सैन्यदलांत खेळाडूंची भरती असते, राज्य सरकारच्या नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे. ते फॉर्म भरून ठेव. त्यात कमीपणा नाही, आपल्याकडच्या कितीतरी सायकलपटूंचं घर त्यावरच चालतं.

आईला सॉरी म्हणायची गरज नाही, त्यांना ते ऐकून उगाच रडू येईल. संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन म्हण, ‘शिरा करतेस का?’ केळं घातलेला असेल तर दोन वाट्या घे.

फेरिटिनचा आकडा आला की कळव.